परत फिरलेल्यांची नोंद

सह्याद्रीत माणूस कड्यावरून पडतो, धबधब्यात वाहून जातो, उन्हाने कोसळतो. बातमी त्या जागेची होते: कडा किती फुटांचा, कातळ किती निसरडा, पाणी किती वाढले. या बातम्या वाचताना मला नेहमी वाटते की आपण चुकीच्या जागेकडे बघतो आहोत. त्या माणसाचा निर्णय बहुतेक वेळा डोंगरावर झालेलाच नसतो. तो बुधवारी, फार तर गुरुवारी रात्री, पुण्यात कर्वेनगरातल्या एखाद्या खोलीत झालेला असतो. व्हॉट्सअॅपच्या गटात तारीख पडते, कोणीतरी बस ठरवतो, पैसे यूपीआयने जातात. एकाने सुट्टी टाकलेली असते, दुसरीने घरी वाद घालून परवानगी मिळवलेली असते. शनिवारी रात्री पायथ्याच्या गावात पोहोचेपर्यंत परत फिरण्याची जवळजवळ सगळी दारे बंद झालेली असतात. मग रविवारी पहाटे पाऊस कोसळू लागला तरी गट निघतो, कारण ठरलेले बदलण्याची जबाबदारी कोणावरच सोपवलेली नसते.

कर्वेनगरचे नाव मी सहज घेतलेले नाही. हवा स्वच्छ असली की इथल्या उंच गच्चीवरून सिंहगडावरचा मनोरा दिसतो. राजाराम पूल ओलांडला की सिंहगड रस्ता, वारज्याकडून निघाले की महामार्ग. खडकवासला, वेल्हे, ताम्हिणी सगळे हाताशी. महाविद्यालये जवळ असल्यामुळे गल्लोगल्ली मुलामुलींची वसतिगृहे आणि पीजी आहेत. लातूर, नांदेड, जळगाव, अमरावतीकडून आलेली ही मुले एकोणीस-विसाव्या वर्षी पहिल्यांदा सह्याद्री पाहतात आणि त्याच्या प्रेमात पडतात. पडावे असाच तो आहे. पण मावळातल्या पोराला जे आजोबांबरोबर गुरांमागे फिरताना कळते ते या मुलांना कोणी सांगितलेले नसते. शेवाळलेला कातळ दुरून कसा ओळखायचा, कारवीच्या रानात ढोरवाटा माणसाला कशा फसवतात, मुरमाच्या घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा, आग्या मोहोळाखालून अत्तर लावून किंवा धूर करत का जायचे नाही. पूर्वी हे शिक्षण संस्थांमधून व्हायचे. १९८२ पासून पुण्यात काम करणाऱ्या 'गिरिप्रेमी'सारख्या संस्था होत्या आणि आहेत. तिथे नवा मुलगा आधी सामान वाहतो, दोर गुंडाळायला शिकतो, जाणत्यांच्या मागे चालतो आणि मग कधीतरी पुढे होतो. आता मधली ती सगळी वर्षे गाळून थेट राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड दोन महिन्यांत होतात, आणि तीस जणांना घेऊन जाणारा 'लीडर' स्वतःच बावीस वर्षांचा असतो.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी तो डोंगरात कुठे ना कुठे घडत असतो. तीस फुटांचा ओला कातळटप्पा, खाली पस्तीस जण, धुके. लीडरच्या सॅकमध्ये दोर आहे. पण तो काढायचा, वर जाऊन भक्कम जागा बघून अँकर बांधायचा, एकेकाला बिले, म्हणजे दोराचा आधार, देत वर घ्यायचे, तर माणशी पाच मिनिटे धरली तरी पस्तीस जणांना तीन तास लागतात. घड्याळात सव्वाअकरा वाजलेत. बसवाल्याने पाचला निघायचे म्हणून बजावले आहे. लीडर ओरडतो, "सोपा आहे रे, होल्ड मोठे आहेत, सावकाश या!" रांगेत मध्ये एक मुलगी उभी आहे, बुटांचे तळ झिजलेले. तिला जायचे नाही. पण पुढचे बारा जण चढून गेलेत, मागचे थांबलेत, आणि आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून ती काही बोलत नाही. तीस फुटांवरून पडायला दीड सेकंदही लागत नाही, आणि खाली आदळताना वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास असतो. डोक्यावर हेल्मेट कोणाच्याच नाही.

ती मुलगी वर पोहोचते. टाळ्या पडतात, फोटो निघतात. पुढच्या वेळी लीडर तो दोर सॅकमध्ये भरतच नाही, कारण गेल्या वेळी तो लागलाच नव्हता.

या शेवटच्या वाक्यातच सगळा धोका आहे. उघड्या तारेला हात लावला की त्याच क्षणी झटका बसतो आणि माणूस जन्मभर शहाणा होतो. डोंगर असा शिकवत नाही. तो चुकीचा निर्णय शंभरदा पोटात घालतो आणि प्रत्येक वेळी आपली पाठ थोपटल्यासारखी वाटते. घेतलेला निर्णय वाईट असतो, निकाल मात्र चांगला लागतो, आणि आपण निकालावरून निर्णयाला गुण देतो. मग 'अनुभव' म्हणून जे साठते त्यात कौशल्य किती आणि निभावून गेलेल्या चुका किती, हे त्या माणसालाही सांगता येत नाही. 'मी हा टप्पा वीस वेळा केलाय' या वाक्याला आपल्याकडे फार मान आहे. मी ते ऐकले की विचारतो, त्यातल्या किती वेळा पाऊस होता आणि किती वेळा दोर होता?

अमेरिकेतल्या इयान मॅकॅमन या अभ्यासकाने १९७२ ते २००३ या काळातले हिमप्रपाताचे ७१५ अपघात तपासले. अपघातात सापडलेल्यांपैकी अनेकांना हिमप्रपाताचे ज्ञान होते, खुणा समोर होत्या, तरी ते त्या उतारावर गेले. त्याला आढळले की ओळखीच्या उतारावर प्रशिक्षण घेतलेली माणसेही अडाण्यांइतकाच धोका पत्करत होती. ओळखीची जागा, आधी गेलेल्यांच्या पाऊलखुणा, सोबत कोणीतरी जाणता असल्याचा भरवसा, ठरवलेले पुरे करण्याची ओढ, या गोष्टी डोळ्यांदेखतचा धोका झाकून टाकतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण माणसाचे मन तेच आहे. वरच्या प्रसंगातल्या मुलीला कातळ ओला असल्याचे दिसत होते. तिच्याकडे माहितीची वाण नव्हती. नको म्हणण्याची मुभा तिला कोणी दिली नव्हती.

म्हणूनच 'जनजागृती' या नावाखाली चालणारे फलक आणि पत्रके मला अपुरी वाटतात. पाणी न्या, टॉर्च न्या, शिट्टी न्या, एकटे जाऊ नका: सगळे खरे आहे आणि सगळ्यांना पाठ आहे. यादीत जे कधीच नसते ते असे की परत कधी फिरायचे हे घरून निघण्यापूर्वी ठरवा, आणि ते ठरवण्याचा अधिकार गटातल्या सर्वांत घाबरलेल्या माणसालाही द्या.

अनुभवाविषयी मी बोललो, तेव्हा अरुण सावंतांचे नाव घेतले पाहिजे. १८ जानेवारी २०२० रोजी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगच्या मोहिमेत हे ज्येष्ठ गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. कित्येक दशके त्यांनी सह्याद्रीच्या वाटा शोधल्या होत्या, कित्येकांना शिकवले होते. त्यांच्या मृत्यूत चूक शोधण्याचा माझा हेतू नाही आणि अधिकारही नाही. मला त्यातून एवढेच दिसते की अनुभव हे कवच नव्हे. उलट, मोहिमेत कड्याच्या धारेवर, दोर बांधताना आणि सोडताना, सर्वांत जास्त वेळ उभा असतो तो जाणता माणूसच. इतर तासाभरात उतरून जातात. तो पहिला येतो आणि शेवटचा निघतो. जाणत्याच्या भरवशावर निर्धास्त होणारे गट त्याच्यावरचा भार वाढवत असतात, हे आपण कधी लक्षातच घेत नाही.

आता समाजाकडे येऊ, कारण डोंगरावरच्या निर्णयात आपणही सहभागी असतो, घरात बसून. पोर परत आले की आपला पहिला प्रश्न कोणता? "वरपर्यंत गेलास का?" शिखर गाठले तर सत्कार, चौकात फलक, वर्तमानपत्रात फोटो, शिखर राहिले तर 'अपयशी मोहीम'. या हिशेबाने माणसे किती वाकू शकतात ते पुण्याने जवळून पाहिले आहे. २०१६ मध्ये पुणे पोलीस दलातल्या एका दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला. छायाचित्रांत फेरफार केल्याचे इतर गिर्यारोहकांनीच दाखवून दिले, नेपाळ सरकारने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली आणि पुढच्या वर्षी त्यांना सेवेतून काढण्यात आले. त्या दोघांना शिक्षा झाली हे योग्यच झाले. पण शिखराच्या खालून सुखरूप परत आलेल्या माणसाला आपण जर दोन शब्द मानाचे बोललो असतो, तर खोटा फोटो तयार करण्याची गरज कोणाला पडली असती?

त्याच पर्वतावर मे २०१९ मध्ये काय झाले ते जगाने एका छायाचित्रात पाहिले: शिखराच्या धारेवर माणसांची लांबच लांब रांग. नेपाळने त्या हंगामात ३८१ परवाने दिले होते. त्या वर्षी एव्हरेस्टवर मृत्यू झालेल्या अकरा जणांत अकलूजचा २७ वर्षांचा तरुण होता आणि मुंबईजवळची पंचावन्न वर्षांची एक गिर्यारोहकही होती. वर्षानुवर्षे जमवलेले पैसे, घरादाराच्या अपेक्षा, गावाने दिलेला निरोप, हे सगळे पाठीवर घेऊन आठ हजार मीटरवर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला 'मागे फिर' असे सांगणे सोपे नाही. तिथे प्राणवायू विरळ, बुद्धी मंद. म्हणून तो निर्णय खाली, शुद्धीत असताना, घड्याळाच्या काट्याला बांधून ठेवावा लागतो. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर परतीची वेळ दुपारी दोनची धरलेली असूनही काही जण त्यानंतरही वर चढत राहिले आणि संध्याकाळच्या वादळात सापडले. वेळ ठरवणे पुरत नाही. ती पाळायला लावणारा कोणीतरी खाली बसलेला असावा लागतो आणि त्याचे ऐकले गेले पाहिजे.

ही शिस्त पुण्याला परकी नाही. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली 'गिरिप्रेमी'चे आठ जण २०१२ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले आणि मे २०१९ मध्ये दहा जण कांचनजुंगावर. त्याच दिवसांत कांचनजुंगावर पश्चिम बंगालच्या दोन गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. पर्वत तोच होता, हवाही तीच. मोठ्या मोहिमेचा नेता पुष्कळदा स्वतः शिखरावर पाय ठेवत नाही. तळावर बसून हवामान, वेळ आणि माणसांची अवस्था यांचा हिशेब ठेवणे हे त्याचे काम. शिखरवीरांची नावे लोकांच्या तोंडी असतात, आणि 'आज नको' म्हणणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. अमेरिकेचा एड व्हिस्टर्स १९८७ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यापासून जेमतेम शंभर मीटरवरून परतला. अन्नपूर्णावरून तो २००० मध्ये फिरला, २००२ मध्ये पुन्हा फिरला, आणि २००५ मध्ये माथ्यावर पोहोचला. आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरे त्याने कृत्रिम प्राणवायूशिवाय पुरी केली. परतला नसता तर ती चौदा झालीच नसती.

यावर आपल्याकडे एक ठराविक उत्तर मिळते. 'आम्ही मावळे, महाराजांच्या गडांवर जाताना दोर आणि हेल्मेट कसले?' भावना खरी असते, म्हणून ती उडवून लावणे मला पटत नाही. पण इतिहास मात्र नेमका उलट बोलतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीला महाराज गेले ते अंगरख्याखाली चिलखत आणि डोईला लोखंडी टोप घालून. ज्या माणसाच्या धाडसाचे आपण पोवाडे गातो, तो त्या दिवशी संरक्षणाचे साहित्य विसरला नव्हता. आणि जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात त्यांनी २३ किल्ले मोगलांना दिले, १२ ठेवले. तेव्हाही कोणाला ती नामुष्की वाटली असेल. दिलेल्या किल्ल्यांत कोंढाणा, म्हणजे आजचा सिंहगड, होता. पाच वर्षांनी, फेब्रुवारी १६७० मध्ये, तानाजी मालुसऱ्यांनी जिंकला तो हाच किल्ला, कर्वेनगरच्या गच्चीवरून दिसणारा. राजाने वेळीच मागे पाऊल घेतले, फौज राखली, स्वतः जगला, म्हणून पुढची ती रात्र आली. तानाजींनी दिलेला प्राण स्वराज्यासाठी होता. रील काढताना कड्याच्या टोकावर एक पाऊल पुढे टाकणाऱ्याने त्यांचे नाव घेणे हा त्या बलिदानाचा अपमान आहे.

ज्यांच्या नावाने ही वस्ती आहे त्या धोंडो केशव कर्व्यांनीही १८९३ मध्ये विधवेशी विवाह करून गावाचा बहिष्कार सोसला होता. त्यांच्या धाडसाविषयी कोणाला शंका नसावी. त्याच कर्व्यांनी पुढे पुनर्विवाहाचा प्रचार मागे ठेवला आणि हिंगण्याच्या आश्रमातून विधवांच्या शिक्षणावर भर दिला, कारण आपल्याबरोबर लोक कितपत येतील याचा त्यांनी विचार केला. हिंगण्याचे काम टिकले ते त्यामुळे. आपल्यामागे येणाऱ्यांची झेप किती आहे ते पाहून स्वतःचा वेग ठरवणे, हे डोंगरात नेतृत्व करणाऱ्याने त्यांच्याकडून शिकावे.

सरकारचे काय? अपघात झाला की मनाई आदेश निघतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि जिल्हा प्रशासनाने मावळ, मुळशीपासून वेल्ह्यापर्यंतच्या जागांवर पावसाळी निर्बंध घातले. धबधब्याच्या काठाशी गर्दी रोखण्यासाठी असे आदेश काही दिवस उपयोगी पडतात, हे मान्य. डोंगराला सरसकट कुलूप लावणे मात्र घातक आहे. बंदी असली की गट चोरवाटेने जातात, गावात नोंद करत नाहीत, कोणाला सांगत नाहीत. आणि वाट चुकली की पोलिसांना फोन करायला कचरतात. शोध सुरू व्हायला उशीर होतो, आणि त्या उशिरानेच माणसे मरतात. २०१८ चा शासन निर्णय आणि नंतर ऑगस्ट २०२१ चे साहसी पर्यटन धोरण यांनी आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित नेते, विमा अशा गोष्टी आणल्या. संस्थांची त्यावर नाराजी होती, तीत काही तथ्यही होते, कारण स्वयंसेवी संस्था आणि धंदा करणारा आयोजक यांना एकाच मापाने मोजू नये. तरीही पैसे घेऊन माणसे डोंगरात नेणाऱ्याने जबाबदारी घेतलीच पाहिजे, या मुद्द्यावर मला तडजोड दिसत नाही.

राहिला हक्काचा प्रश्न. माझा जीव, माझी जोखीम, असे एखादा प्रौढ माणूस म्हणतो तेव्हा मी त्याचे म्हणणे मान्य करतो. धोक्याशिवाय गिर्यारोहण नाही, आणि धोका पूर्ण काढून टाकला तर डोंगरात जाण्याचे कारणच उरत नाही. पण त्याने एकदा स्ट्रेचरच्या दांड्याला हात लावून पाहावा. पाय मोडलेल्या एका माणसाला रात्री घसाऱ्यावरून खाली आणायचे तर एका वेळी सहा जण लागतात, आणि हात भरून आले की दर थोड्या वेळाने दुसरे सहा. कातळटप्प्यावर स्ट्रेचर दोराने सोडावे लागते, पाऊस असेल तर प्रत्येक गाठ पुन्हा तपासावी लागते. दोन तासांची वाट पहाटेपर्यंत संपत नाही. हे करणारे लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रचे, खोपोलीच्या यशवंती हायकर्सचे, महाबळेश्वर ट्रेकर्सचे लोक पगारी नाहीत. कोणी दुकानदार आहे, कोणी शिक्षक. सकाळी त्यांना कामावर जायचे असते. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस कोसळून तीस जण गेले तेव्हा भर पावसात दरीत दोर टाकून उतरणारे हेच लोक होते. यांच्या जिवाची जोखीम ठरवण्याचा हक्क मात्र त्या प्रौढ माणसाला नाही.

माझी मागणी साधी आहे. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी तिकडच्या गिर्यारोहण अपघातांचा अहवाल छापतो: काय झाले, का झाले, काय टाळता आले असते. मेलेल्याची बदनामी करण्यासाठी नव्हे, पुढच्याला कळावे म्हणून. अशी परंपरा महाराष्ट्रात रुजलेली नाही. इथे अपघात झाला की आठवडाभर बातम्या, मग श्रद्धांजली, मग गप्प. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ आणि पुण्यातल्या संस्थांनी येत्या पावसाळ्याआधी अशी वही उघडावी. नाव नको, संस्था नको. थोडक्यात निभावलेले प्रसंग त्यात यावेत, आणि त्याहून अगत्याने परत फिरलेल्या मोहिमा याव्यात: कुठून फिरलो, किती वाजता, काय दिसले म्हणून फिरलो, कोण आधी बोलले. त्या बावीस वर्षांच्या लीडरला अशा पन्नास नोंदी वाचायला मिळाल्या तर ओल्या कातळाखाली उभे राहून 'आज इथूनच परत' म्हणायला त्याला बळ येईल. वर्षाच्या सत्कार समारंभात शिखरवीरांच्या शेजारी एखाद्या परत फिरलेल्या गटालाही शाल-श्रीफळ द्या.

आणि कर्वेनगरातल्या आईवडिलांना, पीजीतल्या ताई-दादांना एक विनंती. शुक्रवारी संध्याकाळी सॅक भरणाऱ्या मुलाला अडवू नका. फक्त तीन गोष्टी विचारा: परत फिरायची वेळ किती ठरली आहे, दोर कोण बांधणार आहे, आणि पायथ्याच्या गावात तुमची नावे कोणाकडे असतील. उत्तर मिळाले तर हसत निरोप द्या. मिळाले नाही तर भरलेले पैसे बुडू द्या.